ट्रकच्या आरशात आपण दिसतो का?

वणीहून मुकुटबनकडे येणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याला शहरातल्या चालकापेक्षा अवघड परीक्षा द्यावी लागते. शहरात वाहने पुष्कळ, पण वेग कमी आणि दिव्यांचा उजेड भरपूर. इथे झरी जामणी तालुक्यात एकाच डांबरी पट्ट्यावर मार्की-मांगलीच्या कोळशाचे हायवा ट्रक, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याकडे जाणारी-येणारी जड वाहने, कापसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या, बैलबंड्या, शाळेतून परतणारी सायकलवरची पोरे आणि संध्याकाळी घराकडे निघालेली गुरे असतात. अंधार पडला की त्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरांची भर पडते. मुकुटबनचा कारखाना २०२२मध्ये सुरू झाला, कोळसा त्याच्या आधीपासून वाहतोच आहे. पण गावातल्या माणसाचे वाहन तेच राहिले: शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल. तिच्यावरूनच खताची पोती वावरात जातात, आजारी माणूस दवाखान्यात जातो, पोरगी परीक्षेला जाते आणि नवराबायको लेकरासकट बाजाराला जातात.

देशाचे आकडे या गाडीविषयी काय सांगतात ते आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यात मागे बसलेले १४ हजारांहून अधिक होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांवर माणसे रस्त्यावर मरण पावली. हे वाचून आपण हळहळतो आणि ‘नशीब’ म्हणून पुढे जातो. मला या शब्दाची भीती वाटते, कारण नशीब म्हटले की तपास थांबतो. मोटारसायकलचा अपघात कसा घडतो याचा तपास झालेला आहे आणि त्यातून निघालेल्या गोष्टी आपल्या रस्त्याला चांगल्या लागू पडतात.

हा तपास अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी केला. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन मापे घेतली, खुणा तपासल्या, जखमींशी आणि साक्षीदारांशी बोलणे केले. शिवाय पोलिसांचे ३६०० अहवाल वाचून काढले. १९८१मध्ये अहवाल आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत मोटारसायकल दुसऱ्या वाहनाशी धडकली होती आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांत चूक दुसऱ्या वाहनाची होती. त्या वाहनाचा चालक बहुतेक वेळा एकच सांगायचा, की मोटारसायकल मला दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. वेगाचा आकडा तर आणखी विचार करायला लावणारा आहे. धोका उभा राहिला तेव्हा निम्म्या गाड्यांचा वेग ताशी ४८ किलोमीटरपेक्षाही कमी होता. म्हणजे भरधाव पळणाऱ्यांचीच ही गोष्ट नाही. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हाती सरासरी दोन सेकंदही नव्हते.

दोन सेकंदांत माणूस काय करू शकतो? डोळ्यांना दिसते, मेंदूला उमजते, हात ब्रेकवर जातो, यातच एक सेकंद सहज संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी त्या एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते आणि एवढा वेळ ब्रेक लागलेलाच नसतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७. हाच वेग ४० असेल तर पहिल्या सेकंदात ११ आणि ब्रेक लावल्यावर ९, मिळून २० मीटर. आता समजा, पांदणीतून एक ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला आणि तो तुमच्यापासून २० मीटरवर आहे. चाळीसने येणारा त्याच्यापाशी थांबतो. साठने येणाऱ्याचा ब्रेक तिथे नुकताच लागू लागलेला असतो. तो ट्रॅक्टरवर आदळतो तेव्हा त्याचा वेग अजून ५५च्या आसपास असतो. मुकुटबन ते वणी अंतरात साठऐवजी चाळीसने गेल्यास पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतात. ती मिनिटे सगळ्या रस्त्यावर मोजावी लागतात असेही नाही. गाव, फाटा, पांदणीचे तोंड, वळण आणि चढाचा माथा एवढ्याच ठिकाणी वेग उतरवला तरी पुरते.

‘दिसली नाही’ हे चालकाचे म्हणणे दरवेळी बहाणा नसते. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते. कार किंवा ट्रकच्या काचेशेजारच्या उभ्या खांबाआड ती अख्खी लपते. डोळा डावीकडून उजवीकडे झर्रकन फिरतो तेव्हा मधल्या क्षणांत मेंदू चित्र नोंदवत नाही, त्या फटीत एखादी गाडी राहून जाते. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. लहान आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा दूर आणि हळू येते आहे असे माणसाच्या डोळ्याला वाटते. म्हणून ट्रॅक्टरवाला समोरून येणाऱ्या ट्रकसाठी थांबतो आणि त्याच अंतरावरच्या, त्याच वेगाच्या मोटारसायकलसमोर ट्रॉली आडवी घालतो. त्याला खरोखरच वाटते की आपण निघून जाऊ. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो तो यासाठीच. कुणी ‘दिवा चालू आहे’ म्हणून हाताने खूण केली तर तो बंद करायचा कसा याची चिंता करू नये. जुन्या गाडीवाल्यानेही दिवसा दिवा लावून जावे. अंगात फिकट किंवा भडक रंगाचा शर्ट असावा. कोळशाच्या धुरळ्यात काळे जॅकेट घालणारा माणूस स्वतःला मिटवून टाकतो.

जड वाहनाजवळ हा प्रश्न आणखी बिकट होतो. हायवाच्या चालकाची बैठक इतकी उंच असते की केबिनच्या अगदी पुढे उभी असलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. डाव्या दाराखालचा मोठा पट्टा दिसत नाही, आणि ट्रॉलीच्या ऐन मागचे तर काहीच दिसत नाही. साधी कसोटी अशी: ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. फाट्यावर ट्रक थांबला की डाव्या बाजूच्या फटीतून पुढे सरकायचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. तो जीव घेतो. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूला ओढली जातात. पुढून मोकळी दिसणारी जागा दोन-तीन सेकंदांत मिटते आणि चालकाला चाकाखाली काही आले हे समजतही नाही. उभ्या किंवा वळू पाहणाऱ्या ट्रकच्या डावीकडे जायचे नाही, हा नियम घरातल्या प्रत्येक पोराला गाडीची चावी देण्याआधी सांगावा.

ट्रकच्या मागे राहायचे तर किती मागे? पुढचा ट्रक एखाद्या बाभळीजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेला की तिथून मनात शांतपणे एक, दोन, तीन मोजावे. तीनच्या आत आपण तिथे पोहोचलो तर फार चिकटलो आहोत. पावसात, धुळीत, रात्री पाचपर्यंत मोजावे. यामागे फक्त ब्रेकचा हिशेब नाही. ट्रकच्या पोटाखालून खड्डा अचानक बाहेर येतो. ट्रक त्याला दोन चाकांमध्ये घालून निघून जातो, मोटारसायकलला मात्र तो नेमका चाकासमोर मिळतो. वरून कोळशाचा डल्ला किंवा चुनखडीचा दगड पडू शकतो. मागे राहिले तर तो चुकवायला जागा राहते.

ओव्हरटेकचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला की अंगावर काटा येतो. ट्रक ताशी ४०ने चालला आहे, तुम्ही ६०ने जाऊन त्याला मागे टाकणार. दोघांतला फरक ताशी २०, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी आणि त्याच्या मागे-पुढे सोडायचे अंतर धरून ४० मीटरच्या वर जावे लागते. याला साडेसात सेकंद लागतात. त्या वेळात तुम्ही सव्वाशे मीटर पुढे गेलेले असता आणि समोरून साठनेच येणारे वाहनही तुमच्याकडे सव्वाशे मीटर आलेले असते. म्हणजे निघताना निदान अडीचशे मीटर रस्ता स्वच्छ आणि रिकामा दिसायला हवा. झरी-पाटण भागातल्या चढउताराच्या, वळणाच्या रस्त्यावर इतका सरळ तुकडा दरवेळी कुठे मिळतो? मिळेपर्यंत मागे राहावे. ट्रकवाल्याने हाताने ‘जा’ म्हटले तरी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघू नये, कारण त्याचा अंदाज चुकला तर समोरासमोर आपण येणार आहोत.

ब्रेकविषयी एक जुना गैरसमज गावोगाव पक्का बसला आहे, की पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते, म्हणून पायाचाच ब्रेक वापरावा. हर्ट यांना अपघातांत हेच दिसले होते: घाबरलेला चालक मागचा ब्रेक दाबून धरतो, चाक घसटत जाते, आणि पुढच्या ब्रेकचा उपयोग जेमतेम होतो. खरे असे आहे की ब्रेक लागताच गाडीचा आणि माणसांचा भार पुढे झुकतो. पुढचे टायर रस्त्यावर घट्ट दाबले जाते, मागचे हलके होते. म्हणजे थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात येते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. गाडी आडवी होते ती पुढचा ब्रेक लावल्याने नव्हे, तो झटक्याने आवळल्याने किंवा वळणात, चुरीवर आवळल्याने. लिंबू पिळतो तशी पकड हळूहळू वाढवत न्यायची, बोटांत चार टप्पे आहेत असे समजून. पाय त्याच वेळी मागच्या ब्रेकवर. हे संकटात आपोआप सुचत नाही, हाताला सवय लागावी लागते. रिकाम्या मैदानाजवळच्या सरळ रस्त्यावर आधी वीसच्या, मग तीसच्या, मग चाळीसच्या वेगाने पुन्हापुन्हा थांबून पाहावे. आपल्या भागात खपणाऱ्या बहुतेक गाड्या १२५ सीसीपर्यंतच्या. २०१९पासून अशा बहुतेक नव्या गाड्यांना जोडब्रेक येतो, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हा चांगला आधार आहे, पण तो चाक घसटणे रोखत नाही. ते काम एबीएसचे, आणि त्याची सक्ती २०१९मध्ये १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना झाली. आपल्या गाडीला काय आहे ते विकत घेताना विचारून घ्यावे.

टायरला पकड देणारा रस्ताच बदलला की वरचे सगळे आकडे बदलतात. आपली काळी माती ही त्यातली सगळ्यात फसवी गोष्ट. खरिपात ट्रॅक्टर वावरातून निघतो आणि चाकांना लागलेली चिखलाची ढेकळे डांबरावर शंभर-दोनशे मीटर पसरत जातात. त्यावर एक सर पडली की वर तेलकट, निसरडा थर तयार होतो. वर्षाचा पहिला पाऊसही असाच. महिनोन्‌महिने साचलेले डिझेल-ऑइलचे थेंब, कोळशाची बुकणी आणि धूळ यांचा पहिल्या अर्ध्या तासात लगदा होतो आणि नंतरचा जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. तेवढा अर्धा तास एखाद्या शेडखाली थांबणे परवडते. वळणांवर ट्रकच्या चाकांनी उडवलेली गिट्टीची चुरी काठाला साचते, तिच्यावर वळणात ब्रेक मारू नये. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उतरवावा आणि वळण एकसारख्या, हलक्या थ्रॉटलवर काढावे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकल नेऊ नये. पाणी गुडघ्याएवढेही नसले तरी खाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेले ते वरून कळत नाही.

वळताना अजून एक गोष्ट उपयोगी पडते. गाडी उजवीकडे झुकवायची असेल तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटे वाटते. वेगात प्रत्येक जण नकळत तेच करत असतो, विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी सायकलच्या बाबतीत हे नोंदवून ठेवले होते. अचानक कुत्रे आडवे आले आणि चुकवायचे असेल तर अंग वाकवण्यापेक्षा मुठीला दिलेला हा ठाम दाब गाडी लवकर वळवतो. नजर मात्र कुत्र्यावर खिळवू नये, जायचे आहे त्या मोकळ्या जागेवर ठेवावी. माणूस जिकडे पाहतो तिकडेच गाडी जाते, हे सगळ्या चालकांनी अनुभवलेले आहे.

रात्रीविषयी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. शंभर सीसीच्या जुन्या गाडीचा खालचा झोत फार तर तीस-चाळीस मीटरपर्यंत काळी वस्तू दाखवतो आणि साठच्या वेगाला थांबायला ३७ मीटर लागतात हे आपण पाहिले. म्हणजे साठने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या कडेवर जगत असतो. दिवा नसलेली उभी ट्रॉली, पंक्चर होऊन रस्त्यातच थांबलेला ट्रक, काळी म्हैस, यांना उजेडात येईपर्यंत ओळखता येत नाही. समोरून अप्पर लावून ट्रक आला की ते तीस मीटरही जातात. दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग लगेच कमी करावा. रोही एकटा क्वचित असतो. एक रस्ता ओलांडून गेला की हुश्श म्हणून पुढे निघू नये, मागून दुसरा येतोच. रानडुकरांचेही तसेच, आई गेली की पिले येतात. शेतकऱ्यांना एक विनंती: ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा आणि कापसाच्या बोज्याखाली ती झाकली जाऊ देऊ नका. वणी-पांढरकवड्याच्या जिनिंगकडे पहाटे निघालेली बिनदिव्याची ट्रॉली ही कुणाच्या तरी घरातल्या माणसासमोर उभी केलेली भिंत असते.

आता हेल्मेट. ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होते. रस्त्याच्या खोलगट भागात सायकलवर दोन मुले होती, ती उतारामुळे आधी दिसली नाहीत. त्यांना चुकवताना लॉरेन्स उडून पडले. डोक्याला मार लागला, सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्याने या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. आज जगभरच्या अभ्यासांची बेरीज सांगते की हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी होते.

‘मी कुठे जोरात चालवतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. उभ्या गाडीवरून नुसता माणूस कोसळला तरी दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून खाली येणारे डोके रस्त्याला ताशी २० किलोमीटर वेगाने लागते. हेल्मेट नसेल तर कवटी तिथल्या तिथे, काही मिलिमीटरमध्ये थांबते. हेल्मेटच्या आतला जाड थर्मोकोल चिरडत जातो आणि तेच थांबणे दोन-तीन सेंटिमीटरवर पसरवतो. थांबण्याचे अंतर जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने मार कमी होतो. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, आतला थर्मोकोल एकदाच कामी येतो. बांधकामाच्या टोपीसारखी पातळ प्लास्टिकची वाटी आणि आयएसआय खुणेचे हेल्मेट यांत फरक हाच आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जाते.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो तेव्हा हेल्मेट नको वाटते ही तक्रार खोटी नाही. इथे उन्हासाठी डोक्याला दुपट्टा बांधायची रीत आहे. पातळ सुती कापडाचा एक पदर डोक्याला गुंडाळून वर हेल्मेट घट्ट बसत असेल तर हरकत नाही. जाड दुपट्ट्याचे चार वेढे घालून वर हेल्मेट नुसते टेकवले तर ते डोक्यावर फिरते आणि त्याचा उपयोग संपतो. फिकट रंगाचे, हवेची भोके असलेले हेल्मेट निवडावे. मागे बसणाऱ्या वहिनींनाही ते द्यावे, वर दिलेला १४ हजारांचा आकडा आठवून. त्यांचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून केंद्रीय नियमांनीच मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे केले आहे. गाडी घेतल्यावर शोभेसाठी ते काढून टाकणारे लोक मी पाहतो आणि मला वाईट वाटते. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा असावा आणि वेग ४०च्या वर नसावा, असा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे.

दारू पिऊन चालवण्याबद्दल वेगळे काय लिहावे? हर्ट यांच्या नोंदीत जीव गेलेल्या अपघातांपैकी निम्म्याच्या आसपास अपघातांत दारूचा संबंध होता. त्याच अहवालात आणखी एक कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे: अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक जणांना ती गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. दिवाळीला कापसाच्या पैशातून नवी गाडी घेतलेला पोरगा होळीपर्यंत सर्वांत जास्त धोक्यात असतो. अठरा वर्षांखालच्याच्या हाती गिअरची गाडी दिली तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अपघात झालाच तर या तालुक्यात अंतर हा दुसरा शत्रू असतो. यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय झरीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून पहिला फोन १०८वर. नेमकी जागा सांगावी: कोणता फाटा, कोणता रपटा, कोणत्या गावाकडे तोंड. येणारी वाहने थोपवण्यासाठी एकाने मागे पन्नास पावले जाऊन मोबाइलचा उजेड हलवावा. जखमी श्वास घेत असेल तर त्याला ओढू नये, पाणी पाजू नये, हेल्मेट खेचून काढू नये. मान न हलवता काच वर करावी. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे, दुपट्टा या कामाला उत्तम. पोलिसांच्या मागे लागण्याच्या भीतीने लोक लांबून पाहत उभे राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवून तो आपल्या घरी जाऊ शकतो.